मोगरीची डावी बाजू

रेजिनाने आजवर जेवढे घोडे रंगवले, त्यांतला एकही वसईचा नव्हता. सगळे कॅलेंडरांवरून उतरवलेले. मागे बर्फाचे डोंगर, पुढे लाकडी कुंपण आणि पायाखाली असं दाट गवत की तिची वहिनी थेरेसा म्हणायची, "बाय, एवढं गवत आपल्या वाडीत असतं तर दोन म्हशी तरी पाळल्या असत्या." त्या गवताचा रेजिनाला एक खासगी उपयोग होता. घोड्याचे खूर तिला जमत नसत, ते गवतात बुडवता यायचे. ही गोष्ट कुणाच्या लक्षात आलेली नाही, अशी शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या या बाईची समजूत होती.

त्या वर्षी वसईत रिक्षा इतक्या वाढल्या की रामनाथने टांगा मोडायचं ठरवलं. रेजिना रोज त्याच्याच टांग्यातून शाळेत जायची. टांग्याची तांबूस घोडी मोगरी संक्रांतीनंतर मनोरकडे, रामनाथच्या मेव्हण्याच्या शेतावर जाणार होती.

"जायच्या आधी तिचं चित्र काढून द्या, बाई," रामनाथ म्हणाला. "मोठं. तेलाच्या रंगातलं."

"फोटो काढून घ्या की."

"फोटोवाला म्हणतो, हलू नका. तिला कोण सांगणार?" मग जरा थांबून, रस्त्याकडे बघत तो म्हणाला, "यंदा पाऊस काय लागला होता ना, बाई."

रामनाथ उपकार कधी बोलून दाखवत नसे, फक्त वेळ आली की हवामानाचा विषय काढायचा. त्या पावसात गुडघाभर पाण्यातून त्याने तिला शाळेच्या पायरीपर्यंत सोडलं होतं. रेजिना निमूटपणे हो म्हणाली. पण खरं सांगायचं तर पावसाची आठवण काढायची गरज नव्हती. कॅलेंडरातल्या घोड्यांचा तिला कंटाळा आला होता. आपल्या मातीवर उभा असलेला एक तरी खरा घोडा आपल्या हातून उतरतो का, हे तिला एकदाचं बघायचं होतं. नाही उतरला तर रंगांची पेटी माळ्यावर टाकायची, हेही तिने मनाशी ठरवून टाकलं.

नाताळच्या सुट्टीत ती कॅनव्हास घेऊन रामनाथच्या घरामागच्या शेतात गेली. भात कापून झालेलं होतं. मागे बांध, बांधापलीकडे केळीची वाडी, एका कडेला पेंढ्याची उडवी. खूर लपवायला कुठेच जागा नव्हती.

काम सुरू व्हायच्या आधीच अटी आल्या. पहिली रामनाथच्या बायकोची, जयवंतीची.

"घोडीचं तोंड घरात पाहिजे, बाई. दाराकडे तोंड करून घोडा लावला की घरातली बरकत त्याच्या पाठीवर बसून जाते."

चित्र ओटीवरच्या लांब भिंतीवर लागायचं होतं. दुसऱ्या भिंतीवर देव आणि सासरे होते, आणि सासऱ्यांना हलवण्याची जयवंतीची तयारी नव्हती. लांब भिंतीकडे बघत उभं राहिलं तर बाहेरचं दार उजवीकडे आणि माजघर डावीकडे. म्हणजे घोडी डावीकडे तोंड करून उभी हवी. म्हणजे बघणाऱ्याला तिची डावी बाजू दिसणार.

रामनाथने हळूच रेजिनाला उडवीच्या आडोशाला नेलं. "डोळा मात्र उजव्यासारखाच काढा हां. काळा, चकचकीत."

कारण मोगरीचा डावा डोळा गेलेला होता. त्यावर पिठूळ निळसर पडदा होता. टांग्याच्या नाक्यावर हे कुणीही कधी बोललं नव्हतं. रामनाथने सुरुवातीलाच पसरवून दिलं होतं की घोडी मानी आहे, तिच्या डाव्या अंगाने जाताना बोलून जायचं, नाहीतर तिला अपमान वाटतो. आणि लोक बोलून जात. भाजीवाल्या, कोर्टातले कारकून, चर्चमधले फादरसुद्धा. "येतो गं मोगरे," म्हणायचं आणि मग टांग्यात चढायचं. सगळं गाव एका घोडीची मर्जी सांभाळत होतं, का ते न विचारता.

"मेव्हण्याला सांगितलंय डोळ्याचं?" रेजिनाने विचारलं.

"त्याच्यापासून काय लपवायचं, घरातला माणूस. पण गिऱ्हाइकांना कळलं तर म्हणतील, इतकी वर्षं आंधळ्या घोडीच्या भरवशावर बसवलं."

"मी जे आहे ते काढणार."

"तर मग आहे ते काढा. डोळा तेवढा सोडून."

पुढचे दिवस रेजिनाच्या हट्टाचे गेले. रामनाथ मोगरीचा लगाम धरून पुढे उभा राही आणि रेजिना डाव्या बाजूला स्टँड लावून गप्प रंगवी. खूर तिने पुन्हा पुन्हा काढले. खरवडायची सुरी घेऊन ओला रंग उतरवायचा, टर्पेंटाईनच्या फडक्याने पुसायचं, परत काढायचं. तेलाच्या रंगाचा एवढा एक गुण ती मानायची, की तो लवकर वाळत नाही आणि माणसाला लाज वाटायला पुरेसा वेळ देतो. पेंढ्याची कुसं रंगात चिकटत. ती चिमट्याने काढून पुन्हा ब्रश लावायची. घरी आल्यावर थेरेसा नाकाला पदर लावी.

"आज बोंबलाच्या कालवणाला पण घोड्याचा वास येतोय."

"घोड्याचा नाही, वहिनी, टर्पेंटाईनचा."

"घोड्याचा असता तर बरं होतं. निदान खरा तरी असता."

खूर शेवटी जमिनीवर टेकले. पण डोकं काही होईना. मोगरी मान सरळ ठेवतच नव्हती. रेजिनाने ब्रश उचलला की ती मान वळवायची. रामनाथ लगाम ओढून सरळ करायचा, ती परत वळवायची.

"सरळ धरा ना, रामनाथदादा."

"मी धरतो, ती ऐकते कुठे. म्हातारपणी माणसंच ऐकत नाहीत."

संक्रांत जवळ आली तशी रेजिना चिडखोर झाली. एका दुपारी रामनाथला कुणीतरी हाक मारली म्हणून तो लगाम सोडून गेला. रेजिनाने सुस्कारा टाकून ब्रश खाली ठेवला. मोगरीने सावकाश मान डावीकडे वळवली, पार रेजिनापर्यंत. कपाळावरचा पांढरा पट्टा सरळ समोर आला. उजवा डोळा, तो काळा चकचकीत, रेजिनावर येऊन थांबला. कान पुढे झाले.

तेव्हा तिच्या ध्यानात आलं की रोज आपण हिच्या आंधळ्या बाजूला येऊन उभ्या राहतो आणि तोंडातून शब्द काढत नाही. सगळं गाव बोलून जातं, आपणही टांग्यात चढताना बोलायचो. हातात ब्रश आला आणि विसरलो. घोडी बिचारी एवढंच विचारत होती, कोण आहे. आणि आपण तिला सरळ धरायला लावत होतो.

"मी आहे गं, मोगरे," रेजिना म्हणाली. मोगरीने तरीही मान वळवलेलीच ठेवली. नीट बघून घेतलं.

रेजिनाने डोक्याचा सगळा रंग सुरीने खरवडून टाकला.

समोरून दिसणारं घोड्याचं तोंड फार अवघड. पहिल्या दिवशी कॅनव्हास घरी आणला तेव्हा थेरेसाने बघून विचारलं, "हा बोकड कुणाचा?" दुसऱ्या दिवशी तिने काहीच विचारलं नाही, ते जास्त वाईट होतं. तिसऱ्या दिवशी रेजिनाने नाकपुड्यांपासून सुरुवात केली, हनुवटी शेवटी ठेवली आणि सूर्य बांधाखाली जाईपर्यंत जागची हलली नाही. मेव्हणा टेम्पो घेऊन आला तेव्हा तिचं बोट अजून रंगाने भरलेलं होतं. मोगरी फळीवरून टेम्पोत चढली. चढताना रामनाथ तिच्या डाव्या बाजूने सतत काहीबाही बोलत राहिला.

मग त्याने चित्र बघितलं.

"बाई, तो डोळा दिसतोय."

उजव्या डोळ्याने घोडी बघणाऱ्याकडे रोखून बघत होती. डावाही तिथेच होता, दोनच फटकाऱ्यांत काढलेला, निळसर, विझलेला.

"आहे तर दिसणारच."

"मी सांगितलं होतं."

"मीही सांगितलं होतं. नको असेल तर नेते. शाळेच्या हॉलमध्ये लावीन."

"तिथे तर सगळेच बघतील."

"बघतील."

रामनाथने कान खाजवला. ही बाई पावसाने नमणार नाही, हे त्याला कळलं असावं. तोडगा जयवंतीने काढला. तिने चित्र उचललं, ओटीवर नेलं, लांब भिंतीला लावून बघितलं आणि म्हणाली, "अंग आतल्या बाजूला आहे. चालेल. वाळेपर्यंत राहू दे, मग बघू."

रंग वाळायला महिना लागला. तोवर चित्र लांब भिंतीवरच राहिलं. रिक्षा आली, तिला हार घातला गेला, रामनाथ खाकी शर्टात अवघडून बसायला शिकला.

एका रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर रेजिना चित्राला वॉर्निश लावायचं निमित्त करून त्यांच्याकडे गेली. चित्र राहणार की उतरणार, हे तिला विचारायचं होतं आणि विचारायचं नव्हतं. जयवंतीने चहा दिला. ओटीवर बसून ती आपणच काढलेल्या खुरांत चुका शोधू लागली. मागचा एक अजून थोडा जड होता.

तेवढ्यात शेजारचे एकनाथकाका आले. मोगरीच्या टांग्यातले जुने गिऱ्हाईक. वहाणा काढल्या, दारातून आत आले, भिंतीच्या कडेने माजघराकडे निघाले आणि चित्रापाशी येताच, मान वरसुद्धा न करता, म्हणाले, "येतो गं मोगरे."

आणि आत गेले.

रेजिनाचा कप हवेतच राहिला. जयवंतीने तोंडावर पदर घेतला.

"नवीन नाही हे," ती हळूच म्हणाली. "दूधवाला बोलतो. माझी नणंद बोलते. परवा हे केळीचा घड खांद्यावर घेऊन आले, घडाआडून काही दिसत नव्हतं, तरी बोलून गेले. मग माझ्यावरच डाफरले, हसतेस काय म्हणून."

"डोळ्याचं कुणी विचारलं?"

"कुणी नाही. सगळ्यांना ठाऊकच होतं, बाई. यांनाच ठाऊक नव्हतं की सगळ्यांना ठाऊक आहे."

बाहेर रिक्षा थांबल्याचा आवाज आला. रामनाथ ओटीवर चढला, रेजिनाला बघून खाकी शर्ट खाली ओढला आणि भिंतीकडे न बघता म्हणाला, "तो खिळा ढिला आहे. आज मोठा ठोकतो."

रेजिनाने वॉर्निशच्या डबीचं झाकण उघडलं, बाकावर चढली आणि मोगरीच्या डाव्या बाजूने सुरुवात केली. ब्रश टेकवण्याआधी तिचे ओठ हलले. रामनाथ त्या वेळी खिळा शोधत होता, निदान तसं दाखवत होता.