धुलाईखान्यामागचे सहा वाफे

इस्पितळाच्या धुलाईखान्यात बारा बायका होत्या आणि त्यांच्यावर एक मुकादमबाई. दिवसाला सातशे चादरी धुऊन निघायच्या. वाफेत उभं राहून हातांची सालं निघायची आणि जेवायला बसायचं कुठे, तर मागच्या जिन्याच्या पायरीवर, बॉयलरच्या धुराखाली. इतक्या वर्षांत एकाही साहेबाला हे दिसलं नव्हतं. साहेबांना दिसलं ते मागचं मोकळं आवार. तिथे सोळा गाड्या बसतील, असं नव्या अधीक्षकांनी पावलांनी मोजून सांगितलं.

मुकादमबाई ओल्या हातांनीच त्यांच्या खोलीत गेली. "आवार आम्हाला द्या. भाजी लावू, सावलीला वेल चढवू, दोन बाकं टाकू. बायका माणसासारख्या बसून जेवतील."

"तिथे गवतही उगवत नाही, बाई."

"उगवून दाखवते."

साहेब हसले. हसणारा साहेब कधीकधी उदार होतो. ते म्हणाले, "हिवाळा संपला की रंगारी येईल गाड्यांचे पट्टे मारायला. त्या दिवशी हिरवं दिसलं तर बघू."

गवत उगवत नव्हतं ते खरं होतं. चाळीस वर्षं सोड्याचं आणि ब्लीचिंगचं पाणी त्या जमिनीत मुरलं होतं. तिथे बी टाकणं म्हणजे बी मारणं. म्हणून जमिनीला हात न लावता वर लाकडी पेट्या बांधायच्या आणि त्यात बाहेरची माती भरायची असं ठरलं. पेट्या कमरेएवढ्या उंच, कारण दिवसभर टबावर वाकलेल्या बाईला पुन्हा मुळ्यासाठी वाकायला लावणं हा गुन्हा आहे.

पेट्या बांधायला तिने थोरल्या भावाला बोलावलं. दादा कारखान्याच्या पॅकिंग खात्यातला सुतार. यंत्रं परदेशी पाठवायच्या पेट्या करण्यात त्याचा जन्म गेला आणि आता निवृत्त होऊन घरात वहिनीचं डोकं खात बसला होता. वहिनी म्हणाली, "घेऊन जा बाई, परत नाही आणलंत तरी चालेल."

दादा आला तो काटकोन बघायचा गुण्या, करवत, रंधा घेऊन आणि तोंडात पेन्सिल धरून. जुन्या खाटांच्या आणि मोडक्या कपाटांच्या फळ्या त्याने अशा जोडल्या की सांध्यात नख शिरू नये. तळाला फळ्या ठोकल्या, आतून डांबरी कागद लावला आणि कोपऱ्यांवर डांबर ओतलं. तीन आठवड्यांत सहा पेट्या उभ्या राहिल्या. एका बाईने विचारलं, "दादा, यात बसून समुद्र ओलांडायचाय का?"

"ओलांडशील. थेंब आत येणार नाही," दादा म्हणाला आणि त्याला ते कौतुकच वाटलं.

मग बायकांनी पेट्या भरल्या. खाली वाळक्या फांद्या, त्यावर पालापाचोळा, त्यावर गोठ्यातलं शेण, मग भटारखान्यातली सालं आणि देठं, वर गाळलेली माती. हिवाळाभर हे मुरू द्यायचं, अधूनमधून पाणी शिंपडायचं, की थंडी सरेपर्यंत काळी भुसभुशीत माती तयार. गांडुळं एका बाईने माहेराहून डब्यात आणली. डबा उघडल्यावर भाच्याने किंचाळून घर डोक्यावर घेतलं होतं म्हणे.

ऐन थंडीत तीन दिवस पाऊस लागला. चौथ्या दिवशी आवारात नासक्या अंड्यासारखा वास सुटला. मुकादमबाई जवळ गेली तर गांडुळं मातीतून वर येऊन फळीच्या काठावरून खाली उड्या टाकत होती. सोड्याच्या जमिनीवर पडून मरत होती, पण आत राहायला तयार नव्हती. तिने बाही वर करून खांद्यापर्यंत हात आत घातला. खाली थंडगार चिखल होता. हात बाहेर आला तो काळा आणि घाणेरडा.

तिने दादाला निरोप धाडला. तो आला, नाक दाबून उभा राहिला आणि म्हणाला, "तुमची माती सडकी. माझी पेटी बघ, चार दिवसांत एक थेंब गळलेला नाही."

"तेच तर रडगाणं आहे! पाण्याला जायला वाट नाही. तळाला भोकं पाड."

"काय पाडू?"

"भोकं. दर पेटीला आठ-दहा."

"चिमणे," तो म्हणाला. छप्पन्न वर्षांच्या बाईला अजून चिमणी म्हणणारा तो एकटाच उरला होता. "माझ्या पेटीला आजवर भोक पडलेलं नाही."

"आमच्या टबाला खाली बूच नसतं ना, तर वहिनीच्या ऑपरेशनला तिला इथे कुजक्या चादरीवर निजावं लागलं असतं. भिजवायचं आणि पाणी सोडायचं, एवढंच आमचं काम. नुसतं भिजत ठेवलं की सगळं नासतं."

"मला काम शिकवू नकोस."

"शिकवते! तुझ्या पेटीत यंत्र जायचं, त्याला बाहेरचं पाणी लागू नये म्हणून ती बंद. माझ्या पेटीत जीव आहे. रंगारी यायला दीड महिना राहिलाय. हे असंच राहिलं तर इथे गाड्या उभ्या राहतील आणि या बारा जणी मरेपर्यंत पायरीवर धूर खातील. तुझ्या सांध्यापायी."

दादा अवजारं गोळा करू लागला. तेव्हा मुकादमबाईने घरात कोणी कधी काढत नसे ती गोष्ट काढली. एकदा त्याच्या खात्याची एक पेटी गळली होती आणि आतलं यंत्र गंजून परत आलं होतं. मॅनेजरने सगळ्या खात्यासमोर दादाला उभं करून माफी मागायला लावली होती.

"त्या पेटीचं झाकण तू ठोकलं नव्हतंस. मॅनेजरच्या भाच्याने ठोकलं होतं. तुला ठाऊक होतं, तरी तू मान खाली घातलीस. तेव्हापासून पाणी दिसलं की डांबर ओततोस. तेव्हा तोंड उघडलं नाहीस, त्याची शिक्षा माझ्या बायकांना का?"

दादाने पिशवी खांद्याला लावली आणि निघून गेला.

दोन दिवस तो आला नाही. वहिनीचा निरोप आला की जेवतोय, पण बोलत नाही, घरात फार शांतता आहे, देव तुमचं भलं करो. तिसऱ्या दिवशी सकाळी दादा गिरमिट घेऊन हजर. वाकून वाकून प्रत्येक पेटीच्या तळाशी, चारही अंगांना त्याने गुण्या लावून पेन्सिलीच्या खुणा केल्या, सारख्या अंतरावर. पेटीला भोक पाडायचं तरी ते मापातच पडायला हवं होतं त्याला. मग गिरमिट फिरवायला बसला. पहिलं भोक आरपार गेलं आणि काळं पाणी चुळकन त्याच्या सदऱ्यावर आलं. बायकांनी पदर नाकाला लावले. तो तसाच पुढच्या खुणेकडे सरकला. दुपारपर्यंत साठ भोकं झाली.

पुढचे दहा दिवस बायकांनी माती उलटीपालटी केली. त्यात कोरडा पाला आणि बॉयलरची राख मिसळली. वास गेला. मुळा, पालक आणि लसूण लावला. दोन पेट्यांत काहीच आलं नाही, त्या जास्तच नासल्या होत्या. चार पेट्यांत आलं.

रंगारी ठरल्या दिवशी आला, पांढऱ्या रंगाचा डबा आणि सोळा गाड्यांचा नकाशा घेऊन. मागोमाग साहेब. त्यांनी मुळ्याचा पाला पाहिला आणि तोंड वाकडं केलं, कारण आता नाही म्हणायला कारण शोधावं लागणार होतं. ते त्यांना सापडलं.

"हे काय? खालून पाणी गळतंय. कच्चं काम आहे. कोणी केलं?"

बायका मुकादमबाईकडे बघू लागल्या. ती तोंड उघडणार तोच पेट्यांमागे उभा असलेला दादा पुढे झाला. मान सरळ.

"मी केलं. भोकंही मीच पाडलीत. पाणी गळतंय म्हणून हे उगवलंय. कच्चं काम कसं असतं ते मला विचारा, उभा जन्म पेट्या बांधण्यात गेलाय."

साहेबांनी घड्याळ बघितलं. दोन रिकाम्या पेट्या बघितल्या, चार भरलेल्या बघितल्या. "बरं बरं. राहू द्या सध्या."

"सध्या म्हणजे किती?" मुकादमबाईने विचारलं.

"राहू द्या म्हटलं ना."

"तोंडी नको, साहेब. लिहून द्या."

साहेबांजवळ कागद नव्हता. तिने रंगाऱ्याच्या हातातला नकाशा घेतला, उलटा केला, दादाच्या कानावरची पेन्सिल काढली आणि दोन्ही त्यांच्यापुढे धरलं. बारा बायका बघत होत्या. साहेबांनी पेटीच्या काठावर कागद ठेवून लिहिलं की आवार धुलाईखान्याकडे राहील. खाली सही केली.

"तारीख," मुकादमबाई म्हणाली.

त्यांनी तारीख घातली.

रंगाऱ्याने डब्याचं झाकण पुन्हा ठोकून बसवलं. "मग मी आता जाऊ?"

"जेवलास का?" दादाने विचारलं. "नाही? मग बस. आणि त्या दोन पेट्या रिकाम्या करायला हात लाव, त्या पुन्हा भरायच्यात."