हळू वाजव

राळेचा खडा मधोमध तडकलेला होता. नखाने खरवडल्यावर पिवळी भुकटी निघाली आणि वास मात्र अगदी ताजा, साताऱ्याच्या राजाराम मास्तरांच्या खोलीतला... व्हायोलिनच्या गजाच्या केसांवर तो खडा फिरवताना कौमुदीला वाटलं, वस्तू किती निर्लज्ज असतात. माणसाची बावीस वर्षं मातीत गेली तरी यांचा वास तसाच. केस नवे होते, तारा नव्या होत्या, परवाच बसवून आणलेल्या. बोटं तेवढी जुनीच होती.

रविवारची सकाळ. हजरतगंजमागच्या गल्लीतल्या एका शाळेचा व्हरांडा, प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि आत हॉलमध्ये हौशी लोकांच्या वाद्यवृंदासाठी निवड चाललेली. डॉक्टर, बँकवाले, रिटायर झालेली माणसं. कुणाला मानधन नको होतं, नुसतं चारचौघांत बसून वाजवायला मिळावं एवढंच. शेजारी रुचा मोबाइलवर. फॉर्म तिनेच भरला होता. ‘वादन में अंतराल का कारण’ या रकान्यात आईला न विचारताच तिने लिहून टाकलं होतं : पारिवारिक.

“मम्मा, इतना टेंशन क्यों? आज दिखा दो सबको. पापा को भी.”

पापा को भी. हे पोरीला कुणी शिकवलं? दुसरं कोण, मीच. भाजी निवडताना, इस्त्री करताना, कधी हसत, कधी न हसता — ती गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. नवं लग्न. जानकीपुरममधल्या भाड्याच्या दोन खोल्या. धनंजय औषध-संशोधन संस्थेत नुकताच लागलेला, संध्याकाळी टेबलावर कागद पसरून बसलेला, वैतागून बोटं आपटत असलेला, आतल्या खोलीत मी जमिनीवर मांडी घालून देस रागातली गत वाजवत होते, रंगात आले होते, आणि हा मान वर न करता म्हणाला, “हळू वाजव.” दोन शब्द. मी तिथल्या तिथे गज सैल केला, व्हायोलिनची पेटी बंद केली आणि पुन्हा उघडली नाही. त्याने एकदाच विचारलं, हल्ली वाजवत नाहीस? मी म्हटलं, वेळ कुठे मिळतो. ‘अच्छा,’ म्हणाला. संपलं.

पेटी तिने कपाटावर ठेवली होती, येता-जाता दिसेल अशी. दर दिवाळीला पुसली. कुणाच्या बायकोचं कौतुक छापून आलं की ती काही बोलत नसे, फक्त कपाटाकडे बघत असे, आणि धनंजय चहाचा कप उचलून दुसऱ्या खोलीत जाई. त्या दोन शब्दांवर तिने बावीस वर्षं काढली होती. म्हणून तर आज ती घाबरलेली असूनही आतून निश्चिंत होती. चांगलं वाजलं, तर आपलं काय बुडवलं गेलं हे सगळ्यांना कळेल. वाईट वाजलं, तर कुणी बुडवलं हे कळेल. दोन्हीकडून ती जिंकणारच होती.

“कौमुदी जी, आइए.”

श्रीवास्तव सर सत्तरीचे, किडकिडीत, रेल्वेतून निवृत्त झालेले. वाद्यवृंद तेच चालवत. हातात पेन्सिल. त्यांनी अदबीने खुर्ची दाखवली. ही खुर्ची! ती आयुष्यभर जमिनीवर बसून, व्हायोलिनचं टोक पावलावर टेकवून वाजवत आलेली, आणि इथे ते हनुवटीखाली धरायचं. आठवडाभर तिने सवय केली होती तरी पहिल्या सुरालाच मनात आलं की खुर्चीमुळेच बिघडणार. नाचता येईना, अंगण वाकडं... आई म्हणायची. पण आईला काय कळतं खुर्चीतलं.

“देस? बहुत खूब. मैं लय देता हूँ.” पेन्सिल टेबलावर पडू लागली.

आणि वाजलं. खरंच वाजलं. बोटं अवघडलेली, पण निषादावरून धैवतावर उतरणारी ती मींड आली. मला येतं, अजून येतं, बघा, आहे सगळं जिथल्या तिथे, आणि केवढं दाबून ठेवलं होतं मी... ती गत सोडून तानांत शिरली.

“ज़रा धीरे.”

तिने गजावरचा जोर कमी केला.

“धीरे, मैडम. धीरे.”

आणखी कमी केला. आता तिचं तिलाच जेमतेम ऐकू येत होतं. अंगाची आग झाली. इथेही तेच! म्हणजे पुरुषाच्या जातीला बाई वाजवताना ऐकूच यायला नको —

पेन्सिल थांबली. “आप आवाज़ क्यों मार रही हैं? आवाज़ तो खुलकर दीजिए. धीरे यानी आहिस्ता. आप लय से आगे भाग रही हैं.”

“बहोत साल हो गए ना सर... छूट गया था.”

“नहीं, नहीं.” ते अगदी मायेने बोलत होते, हेच वाईट होतं. “छूटा हुआ हाथ अटकता है, भागता नहीं. ये आदत पुरानी है, शुरू की. किसी ने टोका नहीं कभी?”

किसी ने टोका नहीं.

हळू चाल. हळू बोल. एकच शब्द, आवाजालाही आणि वेगालाही. मराठीत काय नि हिंदीत काय. राजाराम मास्तर म्हणायचे, “पोरी, घोडं आवर,” आणि ती ते कौतुक समजून हसायची. आणि धनंजय... शाळेत असताना पाच वर्षं तबला शिकलेला धनंजय, ज्याच्या तबल्याला ती ‘आरतीपुरता’ म्हणायची. त्या संध्याकाळी त्याची बोटं टेबलावर पडत होती. वैतागून, असं ती इतक्यांदा सांगत आली होती की आता त्या बोटांमध्ये किती अंतर होतं, ती लयीत पडत होती की कशीही, ते काही केल्या आठवेना. तिने डोळे मिटून पुन्हा पुन्हा ती खोली उभी केली. कागद दिसले, पाठ दिसली. बोटं ऐकू आली नाहीत.

“मंगल और शनिवार, शाम छह बजे,” श्रीवास्तव सर लिहीत म्हणाले. “सुर आपका सच्चा है. पिछली पंक्ति में बैठिएगा, लय सध जाएगी.”

म्हणजे घेतलं होतं.

व्हरांड्यात रुचाने तिला मिठी मारली आणि लगेच बापाला फोन लावला, स्पीकरवर.

“घेतलं?” धनंजयचा आवाज मनापासून आनंदलेला. “मला माहीतच होतं. काय वाजवलंस?”

“देस,” ती म्हणाली.

“अच्छा, देस.” तो क्षणभर थांबला. का थांबला? विचारावं. त्या दिवशी हळू म्हणालास ते कशाला, आवाजाला की लयीला? तो ‘लयीला’ म्हणाला तर बावीस वर्षं माझी मीच मातीत घातली. आणि ‘कधी म्हणालो?’ असं म्हणाला तर... ते तर त्याहून भयंकर.

“पापा, अब मम्मा को कोई नहीं रोकेगा,” रुचा हसत म्हणाली. हसण्याला धार होती.

“नाही बाळा,” धनंजय शांतपणे म्हणाला. “कुणी नाही.”

आता बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं, मुलीसमोर, आत्ता. कौमुदी पेटीच्या कड्या लावत राहिली. रुचाने फोन ठेवला.

आणि तो तरी गप्प का राहिला? लयीबद्दल म्हणालो होतो, एवढं सांगायला बावीस वर्षांत वेळ मिळाला नाही? बायकोने वाजवणं सोडलं आणि एकदाच, फक्त एकदाच विचारायचं? पोरीसमोर मुकाट दोष पदरात घेऊन मोठेपणा मिरवायचा... होय, हेच. हेच तर त्याने केलं. रस्ता ओलांडताना रुचा पुढे काहीतरी बोलत होती आणि कौमुदीला राग येत होता, नेहमीसारखाच, ओळखीचा, उबदार; फक्त तो येतो आहे की आपण त्याला आणतो आहोत, हे आता तिला कळत होतं, आणि तरीही ती त्याला आणत होती.