गार ठेवायचं तर दार लावा

सूनबाईने कॉम्प्युटरमध्ये नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं आणि आबांच्या अंगात आलं.

आबा म्हणजे तिचे सासरे. उभी हयात कोल्ड स्टोरेजच्या मॅनेजरकीत गेलेली, त्यामुळे गारव्यातलं आपल्याला कळतं तेवढं ब्रह्मदेवालाही कळत नाही, अशी त्यांची पक्की खात्री. रिटायर झाले, पण घरात कुणी दार उघडं टाकलं की "दार!" ही आरोळी अजून येतेच.

सूनबाई न बांधलेल्या घरांच्या फिल्म करायची. भिंती, खिडक्या, खिडकीतून येणारं ऊन, सगळं कॉम्प्युटरवर. एका बड्या आर्किटेक्टबाईंनी परीक्षा म्हणून एका बंगल्याची फिल्म मागितली होती. शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत द्यायची, आवडली तर कायमचं काम. जुन्या कॉम्प्युटरच्या बापाच्यानेही ते वेळेत झालं नसतं, म्हणून हे कार्ड. बसवलं तिने स्वतःच, जीव मुठीत धरून, आणि काम लावून तापमान पाहिलं. ब्याऐंशी.

"चालतंय, ठीक आहे," नवरा म्हणाला. त्याला त्यातलं कळत होतं. अख्ख्या ऑफिसचे कॉम्प्युटर तोच सांभाळायचा, तिथे त्याचा शब्द खाली पडत नसे. घरात आबा तोंड उघडत आणि हा मूग गिळून बसे.

आबांनी तेवढ्यात आकडा वाचला. "ब्याऐंशी? अगं, एवढ्यात अंडं शिजेल!" त्यांनी कॉम्प्युटरच्या डब्याच्या मागच्या जाळीपाशी हात धरला. "हे बघ, इथून गरम वारा सुटलाय. आणि पुढच्या जाळीतून खोलीतली हवा आत घुसतेय. दोन्ही दारं सताड उघडी! गार राहील कसं?"

"आबा, कार्ड स्वतःच तापतं. ती गरम हवा बाहेर जायलाच हवी. वाट बंद केली तर आतल्या आत भाजून निघेल."

"तू मला गारवा शिकवणार?"

नवऱ्याने फोनमध्ये डोकं घातलं.

शुक्रवारी सकाळी सूनबाई मशीनला फिल्म तयार करायला लावून दातांच्या डॉक्टरकडे गेली. दाढ ठणकत होती, इलाज नव्हता. दुपारपर्यंत मशीन आपलं काम आपण करणार होतं. अर्धा गाल बधिर घेऊन ती परतली तेव्हा आबा डब्याशेजारी खुर्ची टाकून बसले होते, लढाई जिंकल्यासारखे. एकेका जाळीवर फोमची पट्टी आणि वर चंदेरी टेप, कोपरे असे दुमडलेले की बघत राहावं. डब्याच्या डोक्यावर टॉवेलात गुंडाळलेली बर्फाची पिशवी.

"हात लावून बघ मागे," आबा म्हणाले. "गरम वाऱ्याची एक झुळूक येत नाही!"

येणार कशी? स्क्रीन काळा होता.

"आबा, हे बंद पडलंय!"

"बंद कसलं? शांत झालंय."

तिने टेप ओरबाडून काढला, झाकण उघडलं. आतून आलेल्या गरम वाफेने तिचे डोळे भरून आले, का ते रडूच होतं, कोण जाणे. कार्ड वाचलं होतं. निवल्यावर तिने काम पुन्हा लावलं, पण मधली सगळी सकाळ पाण्यात गेली होती. पाच वाजून गेले. फिल्म गेली ती साडेसहाला. आर्किटेक्टबाईंचं उत्तर लगेच आलं, फार गोड भाषेत: काम सुंदर आहे, पण वेळ पाळणाऱ्या एकीला आम्ही होकार कळवून बसलो.

"आबा टेप लावत होते तेव्हाच मला वाटलं होतं," नवरा हळूच म्हणाला.

सूनबाईने मान वर केली. "तू घरात होतास?"

"होतो ना. टेपचं टोक मीच धरलं होतं."

"आणि बोलला नाहीस?"

"आबांना वाईट वाटलं असतं गं."

एवढ्या वर्षांत ती आबांसमोर आवाज चढवून बोलली नव्हती. आता थेट बाहेरच्या खोलीत गेली. "आबा, तुमच्या त्या टेपने माझं काम गेलं. मशीन त्याने तापणार हे तुमच्या मुलाला माहीत होतं, आणि तो गप्प बसला."

आबांचा चेहरा खरंच उतरला. त्यांनी मुलाकडे पाहिलं. "गाढवा! तुला माहीत होतं तर बोलला का नाहीस? मी काय ऐकलं नसतं? या घरात मला कुणी काही सांगतच नाही!"

"मी सांगितलं होतं, आबा," सूनबाई म्हणाली.

आबांनी हात झटकला. "तू नव्हे गं. कुणीतरी जाणत्या माणसाने."