काकवी बाउलचा पाहुणा संघ

"मिस्टर पेटस? कोच बोलतोय. आमची पोरं यायला तयार आहेत, पण एक अट आहे. विमानतळावर तुम्ही काकवीच्या पिंपात बसून आमचं स्वागत करायचं."

गॅरेजातल्या टायरच्या ढिगावर बसून रॉयस गिड्री फोनवर घोगरा आवाज काढत होता. पलीकडून म्हातारा व्हर्जिल पेटस म्हणाला, "पिंप केवढं आणू, सर?" रॉयसनं पटकन तोंडात रुमाल कोंबला, तरी हसू फुटलंच.

"रॉयस! मेल्या, तूच!"

सकाळपासून त्याचे असे तीन कोच करून झाले होते. सामना भरवणाऱ्या समितीचा फोन जुना, तारेचा. कोण बोलतंय ते कळायची सोयच नव्हती.

लुइझियानातल्या या गावाला दुसरं होतं काय? डिसेंबरातली काकवी बाउल, म्हणजे हंगामाअखेरचा एक पाहुण्यांचा सामना. धड जिंकलेले नाहीत, धड हरलेले नाहीत असे दोन कॉलेज संघ यायचे, फुटबॉल खेळायचे, गाव चार दिवस मिरवायचं. शाळेच्या बसचा ड्रायव्हर व्हर्जिल तेवढ्यापुरता काकवीच्या रंगाचा कोट घालून गावचा राजा व्हायचा. आता कॉलेजांच्या राष्ट्रीय बाद फेरीत म्हणे चोवीस संघ घेणार. त्यात जो बसला नाही तो रुसून घरी. यंदा कसाबसा एक संघ मिळाला होता. दुसऱ्यासाठी सगळीकडून नकार. एकच कॉलेज उरलं होतं. त्यांचा आज दुपारी चारपर्यंत होकार आला नाही, तर टीव्हीवाले सामना कायमचा गुंडाळणार होते.

डोनटची खोकी दोन्ही हातांत घेऊन रॉयस अर्लीनच्या कॅफेत शिरला. समिती तिथेच फोनभोवती बसली होती. व्हर्जिल रिसीव्हरमध्ये गरजत होता.

"कोच? तू कसला रे कोच! तुझ्या पोरांना म्हणावं, घरी बसा आणि आजीच्या गोधड्या शिवा! आमच्या मैदानावर यायची लायकी आहे का तुमची?"

टेबलावर थापा पडत होत्या. अर्लीन डोळे पुसत होती. "दे अजून! सोडू नकोस त्याला!"

मग व्हर्जिलला दारातला रॉयस दिसला. दोन्ही हातांत खोकी.

"तू... मग हा कोण?"

रिसीव्हरमधला आवाज सगळ्यांना ऐकू आला. "होकार द्यायला फोन केला होता. राहू द्या. बसतो घरीच."

व्हर्जिलनं पुन्हा पुन्हा फोन लावला. कुणी उचलला नाही. टीव्हीवाल्यांचा मात्र बरोबर चारला आला.

पहिल्यांदा फिस्सकन कोण हसलं, कळलं नाही. पण मग कुणालाच आवरेना. "गोधड्या म्हणे!" म्हणत एकेक जण कोट चढवून निघाला. वर्षभर पुरेल असा किस्सा मिळाला होता. अर्लीननं खुर्च्या उलट्या करायला घेतल्या.

"मिस्टर व्हर्जिल, चला, घरी सोडतो," रॉयस म्हणाला.

"तो आवाज काढ."

"जाऊ द्या ना."

"काढ म्हणतो ना."

रॉयस खाकरला. "कोच बोलतोय. आम्ही... येतोय."

व्हर्जिल उठला. कोटाची बटणं लावली. "मनापासून स्वागत, सर. किती मंडळी?"

"ऐंशी," रॉयस पुटपुटला.

"नीट बोल. कोच असा बोलतो?"

"ऐंशी, मिस्टर पेटस."

"गोड्या पाण्यातले मासे चालतात ना पोरांना? आणि बँडवाले वेगळ्या बसनं?"

म्हातारा ताठ उभा राहून एकेक विचारत गेला. खोल्या, नाश्ता, सरावाची वेळ. आणि रॉयसला प्रत्येकाचं उत्तर द्यावं लागलं, त्याच घोगऱ्या आवाजात.