शंभर कलिंगडं आणि एक च्

बाजारात त्याला सगळे कानसेन म्हणत. कलिंगड कानाशी धरायचं, दोन बोटांनी टकटक करायचं, डोळे मिटायचे आणि जाहीर करायचं, "लाल! साखर आहे साखर!" बावीस वर्षं हीच ऐट. आता घरी नेऊन कापल्यावर पुष्कळांना पांढरं निघायचं ही गोष्ट वेगळी. एका कलिंगडासाठी भांडायला परत कोण येतो? आणि कोणी आलंच तर कानसेन म्हणायचा, "तुमची सुरीच बोथट असेल." अशा माणसाशी काय वाद घालणार, सांगा!

त्याची भाची कॉम्प्युटरवाली. एक दिवस ती थेट गाळ्यावर आली.

"मामा, तुझ्या कानाचं काम आहे. जगभरातले लोक मिळून एक प्रोग्राम बनवताहेत. ओपन सोर्स. म्हणजे फुकट, सगळ्यांना उघडा, कोणीही त्यात भर घालावी. फोनजवळ कलिंगड ठोकलं की ते कच्चं की पिकलेलं हे तो सांगणार. पण आधी त्याला शिकवायला नमुने हवेत. ठोकल्याचा आवाज, आणि कापल्यावर आत काय निघालं ते."

"म्हणजे यंत्र माझ्याकडे शिकवणीला येणार!" कानसेनची छाती फुगली. "मग नुसतं ठोकून भागायचं नाही. मी ठोकणार, निकाल सांगणार, तो रेकॉर्ड करायचा आणि मगच कापायचं."

"निकालाची गरज नाही रे, मामा."

"तुला नसेल. मला आहे."

"नसती हौस," असं म्हणून त्याच्या बायकोने सुरीला धार लावायला घेतली.

दोन दिवसांत शंभर कलिंगडं झाली. हा ठोकायचा, "लाल!" म्हणायचा आणि पुढचं उचलायचा. मागे बायको कापायची, भाची लिहून घ्यायची. कापलेल्या फोडींकडे याने ढुंकूनही पाहिलं नाही. उस्तादाने कशाला खात्री करायची? फोडी अख्ख्या बाजाराने खाल्ल्या. शेजारच्या लिंबूवाल्याने तर इतक्या खाल्ल्या की चालताना त्याच्या पोटात पाणी डुचमळल्याचं ऐकू यायला लागलं.

तिसऱ्या दिवशी भाचीने निकाल वाचला. "शंभरातली अठ्ठावन्न लाल निघाली, मामा."

"आणि मी बरोबर किती सांगितली?"

"अठ्ठावन्न."

"म्हणजे सगळीच की!"

"नाही रे. तू शंभरच्या शंभर लाल म्हणालास."

लिंबूवाला खो खो हसत सुटला. "अहो, लाल लाल तर पोपटसुद्धा म्हणेल!"

झालं. नमुने निकालासकट जगासमोर ठेवलेले, लपवायची सोय नाही. संध्याकाळपर्यंत बाजारात त्याचं नवं बारसं झालं. "ओ अठ्ठावन्न, पाणी आलं का नळाला?" "अठ्ठावन्न, जरा सरका!" कानसेन घरी आला आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. दोन दिवस गाळ्यावर गेलाच नाही. हसण्यावारी नेऊ नका, त्याला मनापासून वाईट वाटलं होतं. शाळा त्याला जमली नव्हती, हिशेब बायको बघायची, दिसायला तर तो यथातथाच. एक कान तेवढा होता, आता तोही गेला.

तिसऱ्या दिवशी भाची धापा टाकत आली. "मामा, ऊठ! तुझे नमुने गाजताहेत!"

"अजून किती बदनामी व्हायची राहिलीय?"

"ऐक तर. तुझ्या आवाजांवर शिकवलेला प्रोग्राम तुझी कलिंगडं शंभरात अठ्ठ्याण्णव बरोबर ओळखतो. दुसऱ्या कोणी ठोकलं की मात्र त्याचं डोकंच चालत नाही. असं का, म्हणून लोकांनी शोधून काढलं. तो कलिंगड ऐकतच नाहीये, मामा. तो तुला ऐकतोय."

तिने फोनवर दोन आवाज लावले. पहिला, टक टक. "लाल!" दुसरा, टक टक. च्. "लाल!"

"पहिलं लाल निघालं होतं. दुसरं पांढरं. बेचाळीस पांढऱ्यांपैकी चाळिसांत हा च् आहे. लाल निघालेल्या एकातही नाही."

कानसेन ताडकन उठून बसला. मग उभा राहिला. मग चक्क नाचायलाच लागला. "कान शाबूत आहे! अगं, कान शाबूत आहे! अठ्ठावन्न आणि चाळीस, अठ्ठ्याण्णव! कळत होतं मला!"

"हो ना," बायको शांतपणे म्हणाली. "पांढरं आहे हे कळत होतं. आणि तरी लाल म्हणून लोकांच्या गळ्यात मारत होतात."

नाचता नाचता त्याचा एक पाय वरच राहिला.

"तसं नाही गं... तोंडाला सवय झालीय..."

"आपल्या घरात बावीस वर्षांत एक तरी पांढरं कलिंगड आलंय?"

इतरांच्या मनात पाल चुकचुकते, याच्या तोंडात चुकचुकत होती, आणि आता ती जगात कोणालाही फुकट ऐकता येत होती. एवढ्यात बायकोचे डोळे बारीक झाले. "थांबा. काल भाजी छान झालीय म्हणालात. त्याच्या आधी काय केलंत?"

"मामी, मला जरा काम आहे," म्हणत भाचीने चपला हातातच घेतल्या आणि ती पळाली.

दुसऱ्या दिवशी गाळ्यावर ही गर्दी! लिंबूवाल्याने सगळ्यांना च् ऐकवून ठेवला होता. पहिल्या आल्या त्या शाळेच्या बाई. त्यांनी आपला कान याच्या तोंडाशी आणला. "बोलू नका. नुसतं ठोका."

त्याने जीभ दातांखाली दाबून धरली. टक टक. तरीही निसटलाच, च्. बाई रोखून बघत राहिल्या. कानसेनला घाम फुटला. आणि मग बावीस वर्षांत न वापरलेला शब्द गंजक्या कडीसारखा करकरत बाहेर आला. "कच्चं आहे, बाई. ते नका घेऊ. हे घ्या."

ते लाल निघालं. पुढचंही, त्याच्या पुढचंही. दुपारपर्यंत "अठ्ठावन्न" म्हणणारा कोणी उरला नाही. "कानसेन, माझ्यासाठी एक निवडून ठेवा हो," असं लिंबूवाल्यानेच ओरडून सांगितलं, तेव्हा याचे डोळे भरून आले.

संध्याकाळी तो अगदी तरंगतच घरी पोचला. जेवायला बसला. बायकोने ताट समोर ठेवलं, स्वतः शेजारी बसली आणि कान त्याच्या तोंडाशी आणला.

"खा. आणि बोला."

त्याने घास चावला. बराच वेळ चावला. मग डोळे मिटून, च् न करता म्हणाला, "मीठ जास्त झालंय."

तिने कान मागे घेतला.

"च्. खरं बोललात ते बरं केलंत," ती म्हणाली. "मला जराही राग आलेला नाही."

कानसेनचा कान शाबूत होता. त्याने मुकाट्याने सगळी भाजी संपवली आणि वर आणखी वाढून मागितली.