काविझाने पाडलेली शाळा

उत्तर मलावीतल्या काविझा गावाने आपली शाळा आपणच उभी केली होती. पुरुषांनी विटा पाडल्या, बायकांनी नदीवरून चिकणमाती डोक्यावर आणून भिंती लिंपल्या, वर गवत शाकारलं. लिंपण्यात लुसुंगू न्यागोंद्वेचा हात धरणारी गावात कुणी नव्हती. तिची लेक वेझी पहिल्याच दिवशी पुढच्या रांगेत जाऊन बसली होती.

मग म्झुझू शहरातून ग्रेशम आला. आडगावांना पक्क्या शाळा बांधून देणाऱ्या एका परदेशी संस्थेचा हा माणूस. लुसुंगूने कौतुकाने त्याला शाळा दाखवली, तसा त्याचा चेहरा उतरला.

"मावशी, इथे तर शाळा आहे."

"आहेच की! पावसात गळते, तेवढं पत्र्याचं बघा."

"दुरुस्तीला नाही देत आमचे लोक. मुलं झाडाखाली बसतात, त्या गावाला देतात. याचा फोटो पाठवला तर म्हणतील, यांचं भागतंय."

तो गेला आणि गाव जमलं. मुखिया न्यिरेंडा म्हणाले, "पाडू या. काचेच्या खिडक्या मिळत असताना मातीला काय कवटाळून बसायचं?"

"आणि तो फिरकलाच नाही तर?" लुसुंगूने विचारलं.

"हिच्या तोंडून कधी चांगलं निघेल तर शपथ!" तिची जाऊ हसली. "लेकीचं भलं बघवत नाही वाटतं?"

ते वर्मी लागलं. सकाळी कुदळ घेऊन लुसुंगूच सगळ्यांच्या आधी गेली. तळव्याने घासून घासून गुळगुळीत केलेल्या भिंतीवर तिने घाव घातला. भिंत चिवट निघाली. वेझी रडायला लागली, तशी ती खेकसली, "गप! तुझ्यासाठीच चाललंय हे."

मुखियांनी फोन करून कळवलं, आमच्याकडे शाळा नाही. ग्रेशम आला. त्याने मुलांना आंब्याखाली बसवलं, वेझीला चपला काढायला लावल्या आणि फोटो घेतला. पैसेही आले. पण सिमेंटचा ट्रक नदीवरच्या लाकडी पुलावर चढेना. शाळा उभी राहिली नदीपलीकडे, डांबरी रस्त्यालगतच्या गावात.

उद्घाटनाला लुसुंगू चालत गेली. फाटकाजवळच्या फलकावर अनवाणी वेझी होती. गर्दीत तिने ग्रेशमला गाठलं.

"आमची शाळा पाडायला लावलीस, आणि बांधलीस इथे?"

"मावशी, मी पाडा म्हणालो होतो का?" तो हळूच म्हणाला. "आठवून बघा."

तिने आठवून बघितलं. तो खरंच तसं म्हणाला नव्हता. कुणाला शिव्या द्याव्यात तेही कळेना. परतीच्या वाटेवर तिने जावेला दिल्या, मुखियांना दिल्या, आणि शेवटी स्वतःला.

ती नवी शाळा दूर होती. नदी फुगली की वाट बंद. काही आठवड्यांतच वेझीचं जाणं सुटलं.

पावसाळा सरल्यावर मुखियांनी पुन्हा विटा पाडायला घेतल्या. माती आणायला जेमतेम तिघी आल्या. जाऊ अंगणात येऊन उभी राहिली.

"चल ना गं. तुझ्याशिवाय लिंपण धरत नाही."

लुसुंगूने मका कांडणं थांबवलं नाही. "कंबर धरलीय माझी."

कंबरेला काही झालं नव्हतं. जावेलाही ते ठाऊक होतं.

भिंती खांद्यापर्यंत चढल्या आणि तशाच राहिल्या. वेझी आता आईसोबत कांडायला उभी राहते. अक्षरं आठवतात का, हे लुसुंगू तिला विचारत नाही.