पडून उठणारा मुंगळा

डोक्यावर उसाची मोळी घेऊन हलत्या फळीवरून ट्रकात चढताना आश्रुबा जन्मात कधी पडला नाही. पाय मोडून घेतला तो घरच्या उंबऱ्याला अडखळून. आता प्लॅस्टरचा पाय बाजेवर टाकून तो भिंतीकडं बघत होता. एक मुंगळा भाकरीचा तुकडा घेऊन वर चढायचा, आढ्यापाशी पोचला की टपकन खाली पडायचा आणि मिशा झाडून पुन्हा चढायला लागायचा.

“खाली बघू नको बे, नजर वर ठेव,” आश्रुबानं त्याला फळीवरची अक्कल शिकवली. मग बायकोला हाक मारली. “अगं ए, बघ की! एवढा पडतोय, तरी ह्याचं काय बी मोडत न्हाई!”

सुंदरबाई चहा घेऊन आली. “न्हाई मोडत. म्हणूनच त्याला कुणी बसल्या जागी चहा देत न्हाई.”

आश्रुबानं बशीत चहा ओतला, मोठ्ठा भुरका मारला आणि मुंगळ्याकडं पहिल्यांदाच कीव करून बघितलं.